खालाचा डावा पाय

कापूस पिकवणाऱ्यांचे फार वाईट दिवस होते ते. आर्णीकडच्या गावांत कोणाच्याही ओसरीवर बसलं, तरी भाव, बोंडअळी आणि फवारणी एवढंच कानावर पडायचं. फिजिओथेरपी शिकून मी नुकतंच यवतमाळला काम सुरू केलं होतं. ज्यांना दवाखान्यात आणणं जमत नाही, त्यांना मी स्कूटीनं जाऊन घरी तपासायची.

आर्णीत गाद्या-रजया भरणारं एक पिंजारी कुटुंब होतं. चाचा कापूस पिंजायचे, खाला टाके घालायची. उन्हाळ्यात तिला लकवा झाला. जीव वाचला, पण डावी बाजू गेली आणि ती खाटेला खिळली. चाचा तिला लेकरासारखं उचलायचे, भरवायचे.

"पाय तर मेलाच आहे, मॅडम," ते म्हणाले. "पाहून घ्या, पण तिले तरास देऊ नका."

खाला भिंतीकडे तोंड करून पडली होती. "शेवटचं स्वतःहून कधी उठलात, खाला?" मी विचारलं.

"मले कोनी उठूच देत नाही, बेटा."

मी तपासायला घेतलं. डावा हात ताठ, मूठ आवळलेली. गुडघ्याखाली तपासणीची रबरी हातोडी मारली तशी तंगडी ताडकन उडाली. "हल्ला! पाय हल्ला!" चाचा ओरडले.

"हे त्यांनी नाही केलं, चाचा. नस आपोआप उडते." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मलाच वाईट वाटलं.

मग तिच्या डोळ्यांवर ओढणी टाकून मी डाव्या पायाचा अंगठा हलवला. "कुठे गेला, सांगा," मी म्हटलं.

"वर," ती म्हणाली. "खाली. आता पुन्हा खालीच. फसवून राह्यली काय मले?"

एकदाही चुकली नाही. म्हणजे पायाची खबर डोक्यापर्यंत नीट पोचत होती. तिचे दोन्ही गुडघे उभे केले, डावं पाऊल दाबून धरलं आणि म्हटलं, "आता कंबर उचला."

कंबर उचलली गेली. डावीकडूनही! मांडीवर ठेवलेल्या माझ्या तळहाताखाली तिचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला.

"चाचा, इथे हात ठेवा. हे मात्र खालाच करताहेत."

त्यांनी हात ठेवला आणि ते खाली बसले.

खाटेच्या कडेला बसवलं तेव्हा ती डावीकडे कलली. उजव्या हातानं माझा खांदा धरायला लावला तशी सावरली. मग कमरेला पट्टा बांधून, तिचा डावा गुडघा माझ्या गुडघ्यांनी अडवून, मी तिला उभं केलं. चाचा धरायला धावले. "नका धरू," मी म्हटलं.

ती थरथरत उभी राहिली. तिची नजर फिरत फिरत बुटक्या कपाटाच्या माथ्यावर गेली.

"एवढी धूळ? कोनीच पुसत नाही काय?"

चाचा रडत रडत हसले, आणि मीही.

नंतरचे महिने मेहनतीचे गेले. हाताची मूठ पूर्ण उघडली नाही. त्या हाताखाली कापड दाबून ती उजव्या हातानं टाके घालू लागली. आणि एका सकाळी एसटीनं यवतमाळला आली. काठी टेकत आमच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती, मागे चाचा दोन्ही हात पसरून.

"हात खाली घ्या," तिनं मागे न बघता सुनावलं, "लोकं पाह्यतेत."