महाराजांच्या जयंतीचे मराठी भाषण

तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत अण्णा कायम ओट्यावर बसलेले असत. सकाळ असो की संध्याकाळ, मला पाहिले की विचारत, "जेवण झाले की?" शेवटचा 'की' तमिळ चालीवर लांबवत. गल्लीतली मराठी घरे एकेक करून चेन्नैला गेली, म्हणून राजवाड्यातल्या जुन्या मराठी महाराजांच्या जयंतीला मराठीत बोलायला दरवर्षी त्यांनाच बोलावत. जरीकाठी वेष्टी नेसून ते पाठ केलेली स्तुती संथपणे म्हणत. समोरच्या तमिळ लोकांना ती कळत नसे, पण शेवटच्या जयजयकाराला टाळ्या पडत.

यंदा जयंतीच्या थोडे आधी त्यांची बायको वारली. ते नको म्हणाले. संयोजक तमिळमध्ये म्हणाले, "दोनच मिनिटे, अण्णा. मराठी हवेच."

जयंतीला ते व्यासपीठावर उभे राहिले आणि नेहमीच्याच सुरात बोलू लागले. "आमची ही दवाखान्यात शेवटी तमिळ विसरली. थंडी वाजते, पांघरूण घाल, असे मराठीतच सांगत होती. नर्सला समजले नाही. मी औषध आणावयास गेलो होतो. आलो तोवर ती गार झाली होती." मग हात वर करून म्हणाले, "महाराजांचा जयजयकार असो!"

शाळेच्या मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. संयोजकांनी हसत शाल घातली.

खाली उतरून ते माझ्याजवळ आले. "तुज समजले की?"

"समजले, अण्णा."

"सगळे?"

"सगळे."

तेव्हा खुर्चीची पाठ धरून ते रडू लागले.