पाहुणेबुवा बालाघाटला उतरले होते

पाहुणेबुवा पुण्याकडचे होते, असं कोणी ठासून सांगितलं की माझं डोकं आजही तापतं. असतील तिकडचे. लिहिणारा तिकडचा होता, पुस्तकं तिकडेच छापली जात, हे मला कोणी शिकवायला नको. पण आमच्या बालाघाटात त्यांच्यावर जेवढा जीव लावला गेला तेवढा तिकडे कोणी लावला असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाहुणेबुवा हे एका विनोदी पुस्तकमालेतलं पात्र. हातात पत्र्याची ट्रंक घेऊन "फक्त एका रात्रीपुरता" म्हणून कुणाच्याही दारात उभं राहायचं आणि यजमान रडकुंडीला आला तरी हलायचं नाही, हा त्यांचा धंदा. दिवाळीच्या आगेमागे त्यांचं नवं पुस्तक निघे. पुढे रेडिओवर श्रुतिका झाल्या, मग एका नाटक कंपनीनं त्यांना रंगमंचावर आणलं. ती ट्रंक कुठल्याच पुस्तकात उघडलेली नव्हती. तिच्यात काय आहे यावर आमच्या मोहल्ल्यात नवरा-बायकोची भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

छप्पन साली राज्यांच्या फेररचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, शाळेत मराठीच्या वर्गाची बाकं रिकामी. घराघरातली पोरं आईशी अर्धं मराठी आणि आपसात पूर्ण हिंदी बोलत. अशा गावात पाहुणेबुवांच्या प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत येई. गोंदियाहून छोट्या लाइनीच्या गाडीनं, कुणाच्या तरी पिशवीत. ती मराठी मंडळाच्या कपाटात जाण्याआधी आमच्या ओसरीवर येई, कारण वाचून दाखवायला माझी आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, शिक्षण चौथीपर्यंत, आणि जीभ अशी की बाजारातले व्यापारी तिच्याशी घासाघीस करत नसत. दुपारी बायका आपापली सुपं घेऊन तांदूळ निवडायला आमच्याकडे जमत. पुरुष बाहेर सायकलींना टेकून उभे राहत आणि आपण सहज थांबलो आहोत असं दाखवत. आत्या पुस्तक उघडी आणि पाहुणेबुवा बोलू लागत, "बाई, मले काही नको. आहे तेच द्या, पन गरम द्या."

आता हे उघड आहे की पुस्तकात ते असं बोलत नव्हते. आत्या वाचता वाचता बदलत जाई. समोरच्यांना जे कळणार नाही ते ती कळेल असं करी, आणि जे रुचणार नाही ते गाळून टाकी. एकदा कोकणातल्या फणसाचं आठ पानांचं वर्णन तिनं "मग तिथं त्यानं काहीतरी खाल्लं" एवढ्यावर आटोपलं होतं. भाषेवर ती थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिसऱ्या पुस्तकात तिनं एक अख्खं प्रकरण घातलं.

त्या प्रकरणात पाहुणेबुवा जबलपूरहून येऊन बालाघाटला उतरतात. गोंदियाच्या गाडीला वेळ असतो, म्हणून स्टेशनामागच्या एका घरी पाणी मागायला जातात. आत चिन्नोर तांदूळ शिजत असतो. त्या वासानं त्यांचा पाय अडतो, गाडी सुटते, आणि मग रोजचीच सुटत राहते. यजमान कचेरीत बाबू. शेवटी तो बिचारा पाहुण्याला टाळायला स्वतःहून बैहरच्या जंगलात बदली मागून घेतो, आणि निघण्याच्या दिवशी जीपमध्ये पाहतो तर सगळ्यात आधी ट्रंक चढलेली. लोक इतके हसले की तांदूळ सांडले.

मी मॅट्रिकपर्यंत मराठी शिकलेली. सगळी पुस्तकं मी एकटीनं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. त्यात बालाघाट कुठेही नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही, आजही वाटत नाही. मोहल्ल्यात तोवर ते घर कोणतं यावर वाद सुरू झाले होते. एका बाबूनं तर ते आपल्या साडूचंच घर, आपण स्वतः ट्रंक पाहिली होती, असं छातीठोक सांगायला सुरुवात केली.

मग एका गणपतीत ती नाटक कंपनी गोंदियाला आली आणि मंडळानं खटपट करून एक प्रयोग बालाघाटला ठरवला. मंडळाचे अध्यक्ष वकील होते. सकाळी प्रमुख नटाशी रसिकांची चर्चा ठेवावी अशी त्यांची कल्पना. चार भारदस्त प्रश्न त्यांनी चार भारदस्त माणसांना आधीच वाटून दिले होते. हॉल भरला. आत्या बायकांत पुढे बसली होती, इस्त्रीचं पातळ नेसून. लग्नघरी जावं तशी ती आली होती.

विनोदाचं सामाजिक प्रयोजन वगैरे होऊन गेलं. नटानं जांभई दाबली. तेवढ्यात मागून स्टेशनवरचा पॉइंट्समन उभा राहिला. रोज हातानं सांधे बदलून तीच छोटी गाडी गोंदियाकडे सोडणारा माणूस. आमच्या ओसरीबाहेर सगळ्यात पुढची सायकल त्याची असे. त्यानं हात जोडून विचारलं, "साहेब, आजच्या खेळात आपल्या टेशनावरची गाडी सुटते तो भाग हाये का? तेवढा तरी ठेवजा. माह्या पोराले दाखवाचा आहे."

नटाला काही उमगेना. "कुठलं स्टेशन?" त्यानं विचारलं. मग पाचसहा जण एकदम बोलू लागले. बालाघाट, चिन्नोर, बैहरची जीप. साडूच्या घराचा पत्ताही कोणी दिला. नट अध्यक्षांकडे पाहू लागला आणि अध्यक्षांचा चेहरा उतरला. बाहेरगावच्या पाहुण्यापुढे आपल्या गावाचं हसं झालं, असं त्यांना वाटलं असावं. माणूस वाईट नव्हता. मराठीसाठी त्यानं पदरचं पुष्कळ घातलं होतं. पण त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि मला उभं केलं.

"तू सगळी पुस्तकं वाचली आहेस. सांग सगळ्यांना, त्यात बालाघाट आहे का?"

आत्यानं मान वळवली नाही. तिची पाठ तेवढी मला दिसत होती. खोटं बोलले असते तर कपाटातून पुस्तक निघालं असतं. मी म्हटलं, "नाही."

अध्यक्ष आत्याकडे वळले. "बाई, इतकी वर्षं तुम्ही लोकांना फसवलंत. पुस्तक म्हणजे काही पापडाचं पीठ नाही, हाताला येईल ते मिसळायला. आधीच इथली मराठी खिचडी झाली आहे. ती आपण टिकवायची, की अशी नासवायची? यापुढे नवं पुस्तक शाळेतले मराठीचे मास्तर वाचतील. इथं, या हॉलात, छापलंय तसं."

आत्याचं वाचन ते सरळ काढून घेत होते. दुसरं तिच्याकडे होतं काय? घर भावाचं, चूल भावजयीची. दुपारची ती ओसरी तेवढी तिची होती. माझे कान तापले. मी बसले नव्हतेच.

"वकीलसाहेब, माझं बोलणं संपलेलं नाही," मी म्हटलं. "पुस्तकात बालाघाट नाही. पुस्तकात आपण कुणीच नाही. या हॉलात बसलेल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नाही, ऐकता येतं. त्यांना ऐकवलं कोणी? तुमच्या कपाटानं?"

कुणीतरी मला खाली बसायला खुणावलं. मी बसले नाही. आणि मग आत्याच उठली. तिनं पदर खोचला. भांडायच्या आधी ती खोचत असे तसाच.

"हौ, मीनं जोडलं. फसवलं कोनाले? तो पाहुणा साताऱ्याले राह्यला, नाशकाले राह्यला, अमरावतीले राह्यला. माह्याच घरी काहून येनार नाही? आमी काय मेलो? लिहिनाऱ्याले आपलं गाव माहीत नसंन, तर तो त्याचा दोष. सरकारनं लकीर ओढली म्हून पाहुन्यानंही गोंदियातूनच वापस जावं काय?"

पॉइंट्समननं टाळी वाजवली. त्याच्या एकट्याचीच ती टाळी होती, पण चांगली दणदणीत होती. नट सभ्य माणूस. आम्हाला लिहिलेल्याच्या बाहेर जाता येत नाही हो, असं काहीसं पुटपुटून तो चहा प्यायला उठून गेला.

संध्याकाळी आत्या नाटकाला येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. सतरंजीवर पहिल्या ओळीत बसली आणि सगळ्या मांडवात तिच्याएवढं कोणी हसलं नाही. तिला पाहुणेबुवांचा राग नव्हताच मुळी. येताना मात्र म्हणाली, "बोलते बरा तो. पन जेवाची ऐपत नाही त्याले. पाहुना असा चिवडत जेवते काय?"

दिवाळीनंतर नवं पुस्तक आलं ते थेट अध्यक्षांच्या घरी गेलं आणि कुलुपात पडलं. रविवारी मास्तर ते हॉलात वाचत. वाईट वाचत नव्हते. प्रत्येक शब्द स्वच्छ, प्रत्येक विराम जागच्या जागी. लोक शाळेत बसल्यासारखे हात बांधून ऐकत. अधूनमधून कोणीतरी विचारी, "गुरुजी, बालाघाट कधी येते?" हळूहळू सतरंजी लहान अंथरायची वेळ आली. तेव्हा अध्यक्षांचा निरोप आला: बाईंना पुन्हा वाचायचं असेल तर हरकत नाही, मात्र जसंच्या तसं वाचण्याचं त्यांनी कबूल करावं. घरातल्या सगळ्यांनी तिला समजावलं. वडील म्हणाले, हो म्हण आणि मोकळी हो. मान गेला तरी चालेल पण वाचन राहील, असा त्यांचा हिशेब. मी एकटी गप्प होते. तिनं हो म्हटलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

"जसंच्या तसं वाचाले मास्तर हायेत न," आत्यानं निरोप धाडला. "मले काहून तरास देता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिकाम्या हातांनीच ओसरीवर येऊन बसली. बायका आल्या, सायकली टेकल्या. "आज पुस्तक नाही बाप्पा," ती म्हणाली. कोणी हललं नाही. मग तिनं तांदळात बोटं फिरवत सुरुवात केली. पाहुणेबुवा बसनं लांजीला एका लग्नात गेले. मुलीकडचे समजले हे मुलाकडचे, मुलाकडचे समजले हे मुलीकडचे, आणि दोन्हीकडून त्यांना आहेर झाला. असं पुस्तक कधी कुठे निघालं नव्हतं आणि निघणारही नव्हतं. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला या वेळी माहीत होतं. हसू मात्र पूर्वीपेक्षा मोठं होतं.

गोष्ट अर्ध्यावर आली असताना फाटक वाजलं. अध्यक्षांच्या पत्नी, वकिलीणबाई, बगलेत सूप घेऊन. आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काहून वं वहिनी, पुस्तक तर तुमच्याच घरी हाये न?"

वकिलीणबाई चटईच्या कडेला बसल्या. सुपात तांदूळ ओतत त्या म्हणाल्या, "पुस्तक हाये. पाहुना इथं हाये."

आत्या थोडी सरकली, त्यांना जागा करून दिली, आणि त्यांच्यासाठी लांजीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.