ब्रेक लागेपर्यंत एसटी

शेवटच्या भेटीत वसंता स्वतःच्या प्रकृतीबद्दल एक अक्षरही बोलला नाही. नाकात नळी, हाताला सलाइन, आणि मी खुर्ची ओढून बसतो न बसतो तोच म्हणाला, "मास्तर, गाडी बरेच दिवस उभी आहे. एकदा पाय देऊन बघ." मी चिडलो. म्हटलं, आधी तू उभा राहा, मग गाडीचं बघू. तो नुसता हसला. चादरीखाली त्याचं उजवं पाऊल दोनदा हललं. त्याच आठवड्यात तो गेल्याचा फोन आला... अशा वेळी मनात पहिलं जे येतं ते कुणाला सांगायची सोय नसते. माझ्या मनात आलं, या माणसाने माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्यसुद्धा ब्रेकवर घालवलं.

वसंता आणि मी शाळेपासूनचे. मी इतिहासाचा मास्तर झालो, त्याने द्राक्षबागांसाठी फवारणी पंपांचं दुकान काढलं. दुकान चाललं, इंदिरानगरात घर झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्याने देवळालीच्या एका बंगल्याच्या शेडमधून जुनी परदेशी स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोनच सीटा, हिरवा रंग, आणि इतकी बुटकी की आधी उकिडवं व्हायचं आणि मग आत सरकायचं. गल्लीने तिचं नाव बेडकी ठेवलं. मला मोटारींतलं काही कळत नाही. चालवता येते, इतकंच. तरी रविवारी सकाळी फोन यायचा, "मास्तर, पाय घेऊन ये." म्हणजे मी आत बसून ब्रेक दाबायचा आणि तो बॉनेटखाली डोकं घालून बघणार. हातातलं पुस्तक उपडं ठेवून मी निघायचो. त्या ब्रेकपायी माझी किती पुस्तकं अर्धवट राहिली, याचा विचार मी आता करत नाही.

गाडी घेतली होती शैलावहिनींसाठी, असं तो सांगायचा. त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतला. तिथे बायकोला या गाडीतून न्यायचं, ही त्याची हौस. निघण्याआधी त्याने सगळी तपासणी केली. गाडीला पॉवर ब्रेक होता. इंजिन एका पाइपातून बूस्टर नावाच्या डब्यातली हवा ओढतं आणि ती ओढ पायाला मदत करते. तो रबरी पाइप चिरला होता. वसंताने तो फेकला, दुकानातल्या फवारणीच्या पिवळ्या पाइपचा कोरा तुकडा कापून बसवला आणि दोघं निघाले. ओझरच्या पुढे कांद्याचा टेम्पो अचानक थांबला, वसंताने ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं. दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखं दाबून गाडी कशीबशी थांबवली, ती टेम्पोच्या फाळक्याला नाक लावूनच. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "ओ शेठ, कांदे पाह्यजे तर मार्केटला या ना. गाडीसकट कुठं घुसता?" वहिनी नेसूची येवल्याची पैठणी सावरत बाहेर आल्या, मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि चढताना म्हणाल्या, "ब्रेक लागला की सांगा. तोपर्यंत मी एसटीने जाईन."

त्यानंतर वर्षानुवर्षं त्या एसटीनेच माहेरी गेल्या. आणि हा गृहस्थ? एसटीच्या मागोमाग रिकामी गाडी घेऊन पिंपळगावापर्यंत जायचा. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, "रोड टेस्ट."

त्याने काय बदललं नाही! मुंबईहून बूस्टर नवा करून आणला. मास्टर सिलेंडर बदलला, ब्रेक ऑइल बदललं, चाकं उतरवून पुन्हा चढवली. दर रविवारी तीच परीक्षा. इंजिन बंद ठेवून मी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. मदत पोहोचली तर पेडल पायाखाली जरासं खाली जातं. बॉनेटमागून आवाज यायचा, "खाली गेला का?" मी म्हणायचो, "गेला." मग आम्ही महामार्गावर जायचो, इंजिन तापायचं, आणि ब्रेक पुन्हा दगड. कडेला थांबून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून बघावं तर सगळं जिथल्या तिथे. मी एकदा त्या पिवळ्या पाइपकडे बोट दाखवलं, तर उखडला. "तो नवा आहे. माझ्या दुकानातला आहे."

एका मे महिन्यात आडगावच्या पुढे असेच कडेला थांबलो. चालवत मी होतो. ऊन, ट्रकांची धूळ, आणि घरी मी परीक्षेचे पेपर टाकून आलेलो. वसंता उतरता उतरता म्हणाला, "इंजिन बंद कर." मी केलं नाही. रागाने दोन्ही हात छातीशी बांधून, ब्रेकवर पाय रोवून बसून राहिलो. त्याने बॉनेट उघडलं आणि तो गप्प झाला. वसंता गप्प म्हणजे काहीतरी भयंकरच, म्हणून मीही उतरून पुढे गेलो. चालू इंजिनाच्या ओढीने तो तापून मऊ पडलेला पिवळा पाइप आतल्या आत चपटा झाला होता, वाळल्या शेंगेसारखा. वसंताने हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, ओढ संपली, आणि बघता बघता पाइप पुन्हा गोल झाला.

त्याचं तोंड मी कधी विसरणार नाही. फवारणीच्या पंपाला दोन पाइप असतात. पाणी ओढणारा सक्शनचा, त्यात तारेचं वेटोळं असतं. आणि पाणी फेकणारा डिलिव्हरीचा, त्यात नसतं. हा मनुष्य आयुष्यभर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना दरडावत आला होता, "सक्शनला डिलिव्हरीचा पाइप लावाल तर चपटा होईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका." आणि त्याने स्वतः तोच लावला होता.

जाड भिंतीचा योग्य पाइप आठवडाभरात बसला. ब्रेक असा लागू लागला की माझं कपाळ काचेला टेकायचं. म्हटलं, आता वहिनींना सांग. तर म्हणाला, "काय झालं होतं ते विचारील ना ती." आणि मलाच शपथ घातली. पुढेही दर रविवारी "पाय घेऊन ये" चालूच राहिलं, घरात दाखवायला. वहिनींनी विचारलं, तर "अजून थोडं काम आहे." इतका हट्टी, इतका वेडा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. आणि वहिनी एसटीने जात राहिल्या...

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. ठरवूनच गेलो होतो की शपथ मोडायची. वहिनी अंगणात जास्वंदीला पाणी घालत होत्या. मी पाइपची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि हातातलं टोक माझ्यापुढे धरलं. नळाला जोडलेल्या काळ्या पाइपच्या शेवटी तोच पिवळा तुकडा होता.

"यांनी कचऱ्यात टाकला तेव्हाच उचलून ठेवला. दुकानात मीही बसते, भाऊजी."

"मग बोलला नाहीत कधी?"

"मी कशाला बोलू? त्यांनी सांगायला नको? एकदा 'चुकलं' म्हणाले असते तर मी लगेच गाडीत बसले असते." नळ बंद करत त्या म्हणाल्या, "वाट बघत होते मी. दर रविवारी तुम्ही दोघं ते नाटक करायचात, आणि मी आतून चहा पाठवायचे."

मला दोघांचाही राग आला. तो गेला म्हणून त्याच्यावर काढता येईना, आणि समोर या... यांच्यावर काढवेना.

वहिनी आत गेल्या. आल्या त्या गाडीची किल्ली आणि एसटीने नेत ती कापडी पिशवी घेऊन. किल्ली माझ्या हातात देऊन उकिडव्या झाल्या आणि डाव्या बाजूने आत सरकल्या. मी चालकाच्या जागी बसलो. सवयीने इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवला आणि किल्ली फिरवली. पेडल पायाखाली हलकेच खाली गेलं.

"खाली गेला का?" वहिनींनी विचारलं.

"गेला."

गाडी जागेवरच थरथरत होती. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "भाऊजी, आता पाय काढा. पिंपळगावला जायचंय."