सीडीचा मुहूर्त

“मुकी हाय का गो ती?”

मुरबाडच्या फोटो स्टुडिओवाल्याची आई आतल्या दारातून सुनेला विचारत होती, आणि आपण हळू बोलतोय असं तिला वाटत होतं. मी बाकावर बसले होते. बोलायचं काम मी मावसभावावर सोपवलं होतं. तोच मला शहापूरजवळच्या भातसानगरहून स्कूटरवर घेऊन आला होता. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण कुठल्याही विषयावर तो न अडखळता बोलू शकायचा.

“दादा, अर्धा तास मशीन हवं होतं,” तो म्हणाला. “आमचं संशोधन चाललंय.”

‘आमचं’ ऐकून मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले.

संशोधन असं होतं. आमच्या भातसानगरच्या क्वार्टरमध्ये एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर मी लिनक्स चालवायचे. ही प्रणाली कुणालाही फुकट घेता येते, बदलताही येते. पडद्यावर चित्र उमटवतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि कार्डाला कामाला लावायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो. माझ्या कार्डाच्या कंपनीने लिनक्ससाठी तो केलाच नव्हता, म्हणून मी लिहायला घेतला. सुरुवातीला लाल आणि निळ्याची अदलाबदल व्हायची. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत आईचं कुंकू निळं आणि बाबांचा चेहरा जांभळा. आई म्हणाली, “तेव्हाही असेच दिसत होते.”

पुढे रंग जमले. जगभरच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती, एकाची मेल सगळ्यांना जायची. तिथे मी इंग्रजीत कचाकचा भांडायचे. खाली नावाची फक्त आद्याक्षरं लावायचे, त्यामुळे सगळे मला ‘सर’ म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. सरांचं लोक ऐकत होते. आता ड्रायव्हर लिनक्सच्या नव्या आवृत्तीत घ्यायला ते तयार होते, पण एका अटीवर. तेच कार्ड असलेल्या दुसऱ्या कुणीतरी तो चालवून पाहायचा आणि स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवायची. मुदत त्याच रात्री संपणार होती. चुकली की माझं वर्षभराचं काम पुढच्या आवृत्तीपर्यंत लटकणार.

तेच कार्ड मी या स्टुडिओत पाहिलं होतं. पासपोर्ट फोटोसाठी बसले असताना मशीनचं झाकण उघडं होतं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून मी आत बघत होते. तो फोटो त्यामुळे वाया गेला.

एवढं सगळं जुळलं, आणि निघाला दसरा. मॉनिटरला झेंडूची माळ, माऊसवर हळदकुंकू, कीबोर्डवर आपट्याची पानं.

“आज हत्याराला हात लावायचा नाय, भाऊ,” स्टुडिओवाला म्हणाला. “पूजा झाली. कॅमेरापन बंद हाय. उद्या या.”

मावसभाऊ माझ्याकडे वळला. मी नकारार्थी मान हलवली. उद्या नाही. तो खिशातली स्कूटरची किल्ली चाचपू लागला.

तेवढ्यात आतल्या दारातून आजी बाहेर आल्या. “काय आणलंय तुमी?”

मी लिनक्स आणि माझा ड्रायव्हर भरलेली सीडी पुढे केली.

“नवी हाय?”

मी होकारार्थी मान डोलावली.

“मग रे?” आजी मुलावर खेकसल्या. “जुन्याला आज आराम. नव्याचा मुहूर्त आजच करतात ना? गेल्या दसऱ्याला तुझी मोटारसायकल काय दुसऱ्या दिवशी सुरू केलीस?”

मुहूर्ताला मशीन लागणारच, हे स्टुडिओवाल्याने डोकं खाजवत मान्य केलं. आजींनी सीडी घेतली, उलटसुलट पाहिली, आणि चकचकीत बाजू जास्त मंगल वाटल्यामुळे तिच्यावरच ओलं कुंकू लावलं. वर अक्षता.

मशीन वाचतं ती हीच बाजू, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत स्टुडिओवाल्याने मशीन सुरू करून ती त्यात सारली. आत तांदूळ दळल्यासारखा आवाज झाला. पडदा काळाच.

“लय जोरात चाललंय संशोधन,” सून म्हणाली.

मी उठले, सीडी बाहेर काढली, ड्राइव्हच्या ट्रेमधल्या अक्षता झटकल्या आणि सीडी ओढणीने मधून कडेकडे अलगद पुसली. कुंकू निघालं. ओढणी गेली. पुन्हा घातली. सीडी घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग पडदा उजळला. मी त्यांच्याच डिस्कवरचा एक लग्नाचा फोटो उघडला. नवरीचा शालू हिरवा, कुंकू लाल, नवरदेव घामाघूम पण माणसाच्या रंगाचा.

“आयला! मस्त साफ दिसतंय की!” स्टुडिओवाल्याने मावसभावाच्या पाठीवर थाप मारली. “भाऊ, डोकं हाय तुमाला.”

मावसभावाने डोकं असल्यासारखी मान झुकवली.

मी सीडी काढून त्यांची नेहमीची प्रणाली सुरू करून दिली. ड्रायव्हर चालला एवढी मेल लिस्टला पाठवा, असं मावसभावाने सांगितलं. स्टुडिओवाल्याने टेलिफोनची तार जोडून आपली मेल उघडली, कार्डाचं नाव मागे वाकून वाचलं, आणि एका बोटाने इंग्रजी टाइप करू लागला. एका ओळीवर थांबला.

“ड्रायव्हर कोनी बनवला, ते लिवायचंय. भाऊ, पूर्ण नाव सांगा तुमचं.”

मावसभाऊ घसा खाकरून सरसावला. देवाशपथ, सांगणार होता तो.

“माझं लिहा,” मी म्हणाले. बाकावरून नाही, मावसभावाच्या आणि कीबोर्डच्या मधे उभी राहून. “पूर्ण नाव सांगते, नीट लिहून घ्या. आणि लिस्टवरच्या सगळ्यांना कळवा, सर नाही, बाई आहे. हा फक्त स्कूटर चालवतो.”