कुकीज आणि डुकरांचा डबा

जावयाने माझ्या पोरीचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. दोन बोटं मोडली. गुन्हा काय, तर ती मोबाईलवर नर्सच्या भरतीचं पान पाहताना सापडली. लग्नाआधी नर्सिंग शिकलेली पोरगी. नोकरीला लागली तर आपल्याला विचारणार नाही, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. अंगावरच्या साडीनिशी सौंदडहून निघाली, गोंदियात गाडी बदलली आणि आमगावला उतरली. मी घ्यायला गेले तेव्हा एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, आणि डाव्या हातात मोबाईल असा आवळलेला की सुटता सुटेना.

आमचं गाव तिथून जवळच. घरात मी एकटी विधवा बाई. डॉक्टरने बोटं बांधून दिली. भरतीचा अर्ज पोरीने आधीच शेजारणीच्या मोबाईलवरून भरून टाकला होता. आता फक्त परीक्षेचं केंद्र निवडायचं राहिलं होतं, त्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. नाही निवडलं तर अर्ज बाद. आणि अर्ज बाद म्हणजे पुन्हा तेच दार, तीच फट.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीवर भात ठेवून आम्ही दोघी मोबाईल घेऊन बसलो. तिची बोटं बांधलेली, डाव्या हातात मोबाईल धरलेला, म्हणून दाबायचं काम माझ्याकडे. मला शाळा फार मिळाली नाही. अक्षरं मी किराण्याच्या पुड्या सोडता सोडता शिकले. पण चष्मा लावला की वाचते सगळं. नंबर टाकला, पासवर्ड टाकला, मेसेजमधले आकडे टाकले. चक्र फिरलं आणि पुन्हा तेच कोरं पान: लॉगिन करा. चुकलं असंही म्हणेना.

"नेट नसन," मी म्हटलं.

"नेट आहे वो माय. पान तर येऊन राहिलं."

मोबाईल बंद करून चालू केला. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहिली. पुन्हा टाकलं, पुन्हा कोरं पान. आता खाली लाल अक्षरं आली: आज ओटीपी आता आणखी एकदाच मिळेल.

"हे मेलं काऊन आत घेत नाही?" मी म्हणत होते, तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. पोरगी भिंतीला चिकटली. तो आवाज तिला ओळखता येत होता. मी उठून पुढच्या दाराची कडी घातली.

"उघडा वो मामी! बायको हाय माही, घेऊन जातो."

"जवाईबापू, जित्ती नेता का मेली?"

"जास्त बोलू नोका. तुमचंबी थोबाड फोडीन!"

अंगणात आमची सब्बल पडलेली होती, खड्डे खणायची लोखंडी. ती त्याने उचलली आणि दारावर घातली. पहिल्याच दणक्यात फळी चिरली.

मी मागच्या दाराकडे धावले. तिथे आमचा डुकरांचा डबा टांगलेला असतो. रानडुकरं धानात घुसली की तेलाचा रिकामा डबा काठीने बडवायचा, अन् ज्याच्या कानावर पडेल त्याने हातात असेल ते घेऊन धावायचं, ही आमच्याकडची रीत. दुपारी डुक्कर कुठून आलं, असं कोणी विचारत बसत नाही. कापणीचे दिवस, बाया धानातच होत्या. मी डब्याला पोचे पडेस्तोवर बडवला.

आत आले तर पोरगी मोबाईल धरून तशीच. दणक्यांनी हलणाऱ्या कडीकडे पाहून मी विचारलं, "दाराले लावली तशी यातबी तू काही कडी लावून ठेवली काय?"

तिचा उघडा डोळा मोठा झाला. "माय... तो रोज मोबाईल पाहे. कोणती साइट उघडली ते दिसलं का पट्टा काढे. म्हणून मी ब्राउझरात काहीच उरू नये असं करून ठेवलं. कुकीजबी बंद केल्या."

कुकी काय असते ते तिने घाईने सांगितलं, तेव्हा मला समजलं. साइट माणसाला आत घेते तेव्हा मोबाईलमध्ये एक खूण ठेवते, हिला मी ओळखते म्हणून. ती कुकी. माझ्या पोरीने मार चुकवायला ती खूण ठेवणंच बंद केलं होतं. साइट आत घ्यायची, खूण सापडायची नाही, लगेच पुन्हा विचारायची, तू कोण?

फळी तुटली. हात आत घालून त्याने कडी काढली. मी आडवी आले, तर सब्बल माझ्या खांद्यावर बसली. हाड वाजलेलं मी ऐकलं. मला ओलांडून त्याने पोरीचे केस धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. तिने डाव्या हाताने चुलीवरचं भाताचं गंज ओढलं आणि उकळती पेज त्याच्या मांड्यांवर ओतली. तो असा ओरडला की बाहेरची कोंबडी उडाली.

मग बाया आल्या. दारात एक क्षण थांबल्या. "अवं, हा तर दोन पायांचा हाय!" एक म्हणाली, आणि विळ्याची पाठ त्याच्या मनगटावर हाणली. सब्बल पडली. त्याला पाय धरून त्यांनी धसकटात ओढत नेलं आणि मुठी, काठ्या, लाथा, जे होतं त्याने हाणलं. दात पडला, नाक फुटलं. मी थांबवलं नाही. थांबवावंसं वाटलंही नाही.

"माय, मोबाईल!" पोरगी म्हणाली. तिच्या कपाळावरून रक्त गळत होतं.

मोबाईल पेजेत पडला होता. पदराने पुसला आणि बायांना ओरडून म्हटलं, "पोरीचा अर्ज होईस्तोवर धरून ठेवा वो!" ती सांगत गेली, मी दाबत गेले. वरचे तीन ठिपके. सेटिंग. साइट सेटिंग. कुकीज. 'सर्व ब्लॉक करा' वरून 'परवानगी द्या' वर आणायचं होतं, पण माझ्या अंगठ्याला रक्त लागलेलं, काच ऐकेना. अंगठा चाटला, पुसला, पुन्हा दाबला. आलं. पान बंद केलं, नव्याने उघडलं. शेवटचा ओटीपी. मी आकडे टाकले.

बाहेरून आवाज आला, "झालं का वो? लई हालून राहिला हा!" तिथे दोघी त्याच्या पाठीवर बसल्या होत्या.

चक्र फिरलं. पान उघडलं, वर पोरीचं नाव. केंद्र: गोंदिया. निवडलं. निवड नोंदवली, असा मेसेज आला.

मग ब्राउझरने विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? मी तिच्याकडे पाहिलं. सवयीने तिचा अंगठा 'नाही'कडे निघाला होता. तो तिने मागे घेतला.

"ठेवू दे," ती म्हणाली.

मी 'हो' दाबलं आणि तुटक्या दारातून ओरडले, "झालं वो! आता पोलीस बोलवा, अन् ते येईस्तोवर उठू नोका!"