एक जूनची पोरं

भागूबाईंची बालवाडी गारखेड्यात पत्र्याच्या एका खोलीत भरायची. १९७९ सालची गोष्ट. मी बी.ए. होऊन, लग्न करून शेजारीच राहायला आले होते. दुपारी पोरांना गाणी शिकवायला जाते असं घरी सांगायचे. खरं तर भागूबाई वाढदिवस करायच्या तो बघायला जायचे.

पोराला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे. मग बाकीच्यांनी एकेक करून सांगायचं, हे पोर आपल्याला का आवडतं.

"सांडू मला झोका देतो."

"सांडू आता चावत नाय."

भागूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या.

"वैनी, मी देवळात जात नाय," त्या म्हणायच्या. "देवानं येकेक पोर दिवस निवडून धाडलं. त्यो दिवस सांभाळला की झालं."

पण दिवस कळायचा कसा? जन्माचा दाखला कुणाकडंच नव्हता. भागूबाई आयांना विचारायच्या, तवा रानात काय चाललं होतं, सण कुठला होता? मी जुन्या पंचांगांत तारीख शोधून वहीत लिहायचे. सांडू पोळ्याचा. अजराची मुलगी राहत संक्रांतीची. तीळगूळ द्यायला गेलेल्या भागूबाईंच्याच हातावर ती जन्मली होती. चौदा जानेवारी त्र्याहत्तर.

जूनमध्ये सात पोरं पहिलीत घालायची होती. नावांची यादी आदल्या दिवशीच शाळेत दिली होती. वही घेऊन आम्ही पोचलो तेव्हा हेडमास्तर बद्रीनाथ सर रजिस्टर लिहीत होते. सहा नावं झाली होती आणि सहाही नावांपुढं तारीख एकच: एक जून.

"सर, या तारखा चुकल्यात," मी म्हणाले.

"दाखला नसला की आम्ही एक जूनच टाकतो. वय काढायला सोपं पडतं."

कळा आयांनी सोसायच्या आणि सोय बघायची रजिस्टरची. मी वही पुढं सरकवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"ताई, पंचांगावर शाळा चालत नसते. शिवाय एक जूनला सुट्टी असते. वाढदिवसांची कटकट नाही."

मला खुर्ची दिली होती, भागूबाईंना नव्हती. त्या राहतचा हात धरून दाराशी उभ्या होत्या. मीही उठून उभी राहिले.

"सर, तुमची तारीख कोन्ती?" भागूबाईंनी विचारलं.

"तुला कशाला हवी?"

"सांगा की."

सरांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. "एक जून."

"आन् आई काय म्हनायची?"

"नागपंचमी. झोका खेळून आली आणि कळा सुरू झाल्या म्हणे. त्या दिवशी ओवाळायची. होती तोवर."

राहतच्या नावापुढची जागा रिकामी होती. वही न उघडताच त्यांनी विचारलं, "हिची काय?" मी सांगितलेली तारीख त्यांनी लिहिली. वरच्या सहा मात्र तशाच राहिल्या. रजिस्टरमध्ये खोडाखोड चालत नाही म्हणाले. पोराचा जन्मदिवस खोडलेला चालतो, कागद खोडलेला चालत नाही. सांडू निवृत्त होईल, तोही एक जूनच्या हिशेबानंच. माझा तो राग अजून गेलेला नाही.

त्या वर्षी नागपंचमीला भागूबाईंनी गूळ-शेंगदाण्यांची पुडी राहतच्या हातात दिली. "सरांच्या घरी देऊन ये."

"त्यांना कशाला?" मी चिडून म्हणाले. "सहा पोरांचे दिवस खाल्ले त्यांनी."

"व्हय, खाल्ले. पन त्येलाबी देवानं आजच धाडलं नव्हं का."

राहत दारात थांबली. "सर मला का आवडतात, ते काय सांगू?"

भागूबाईंना लई विचार करावा लागला.

"सांग," त्या म्हणाल्या, "तुमचं अक्षर बरं हाय."