लाभ, दोन, तीन

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पौडच्या एसटीला लोंबकळत घेतली, कुणाच्या मेहरबानीनं नाही. म्हणून परीक्षेचा धाक मला कुणी घालू नये.

भुकूमच्या ज्या इंग्रजी शाळेत मुलीला घातलं, तिथं पहिलीच्या सुरुवातीलाच पोरांची चाचणी घेतात. त्यावरून वरचा गट की खालचा, ते ठरतं. खालच्या गटातलं पोर सहसा वर येत नाही, हे सगळ्या पालकांना ठाऊक असतं. चाचणी घ्यायला हिंजवडीहून एक तरुण आला होता, कंपनीच्या कॅबनं, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. पालकांनी मागं बसायचं, बोलायचं नाही.

त्यानं पोरीपुढं वाटीभर मणी ओतले. शेजारी एक रिकामा पेला ठेवला आणि म्हणाला, एकेक मणी आत टाकून मोज, मराठीत मोजलंस तरी चालेल. केवढे उपकार!

पोरीनं पहिला मणी टाकला. "लाभ," ती म्हणाली. "दोन, तीन, चार..."

"थांब," तो म्हणाला आणि टॅबवर बोट टेकवलं.

आमच्याकडं भात झोडपून झालं की सासरे खळ्यावर रास मोजायला बसतात. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. रास वाढती राहावी म्हणून. पोरगी मांडीला मांडी लावून त्यांच्याबरोबर मोजते, शंभरापर्यंत, न चुकता. मोजायचं म्हणजे असंच, हे तिच्या डोक्यात पक्कं.

मी उठले आणि हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, पहिलाच आकडा चुकला की पुढचं धरत नाहीत, सिस्टिमच तशी आहे. मी म्हटलं, तुमच्या सिस्टिमनं भात कधी पाहिलाय का? आवाज चढला तशा मुख्याध्यापिका आल्या आणि अगदी दया केल्यासारखं म्हणाल्या, पुन्हा एकदा घेऊ.

पुन्हा मणी ओतले. पोरीनं एक उचलला आणि तो हातातच धरून त्या तरुणाला विचारलं, "हितं पयल्याला काय म्हणायचं?"

"ते मी सांगू शकत नाही."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. सहा वर्षांचं लेकरू, रडायच्या बेतात आलेलं.

"एक म्हण," मी म्हटलं.

चाचणी रद्द. पालकानं उत्तर सांगितलं म्हणून. खालचा गट.

आपल्या खोलीत मुख्याध्यापिकाबाईंनी मला पाणी दिलं आणि समजावायला लागल्या. घरी काहीबाही शिकवता, मग मुलं गोंधळतात. आजोबांना सांगा, हे बंद करा. पोरगी माझ्या पदराआड उभी राहून ऐकत होती.

"ते बंद व्हायचं न्हाई," मी म्हटलं. इतका वेळ सांभाळलेली पुण्याची बोली तिथं सुटली. "तुमी दाखला काढा."

त्या म्हणाल्या, रागाच्या भरात मुलीचं नुकसान करताय, चार दिवस विचार करा. क्लार्क जेवायला गेलाय, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, जेवू दे त्याला. पोरीला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तिचा डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला, आणि दाखला हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही.